विचारविनिमय केल्यानंतर

मागच्या महिन्यात दिल्लीहून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. संसदेच्या समिती शाखेत आम्ही दोघं एकाच खोलीत बसून म्हातारे झालो. निवृत्तीनंतर तो तिकडेच राहिला आणि मी उज्जैनला परत आलो. सध्या तो काही अभ्यासकांबरोबर संसदेच्या कामकाजात, विशेषतः समित्यांच्या पद्धतीत, काय सुधारणा हव्यात याचं टिपण तयार करतो आहे. मला म्हणाला, "तुझा अनुभव दांडगा. दोन पानं लिहून पाठव. फक्त भाषा संयत ठेव."

मी दोन पानं लिहिली. संयतच लिहिली. समितीची मुदत एका वर्षाची असते, सदस्यांना विषय कळू लागेपर्यंत समिती बदलते. बैठकीला सदस्य येत नाहीत, आले तर सही करून उठतात. महत्त्वाची विधेयकं समितीकडे न पाठवताच मंजूर होतात. शिफारशींना 'नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. सगळे मुद्दे बरोबर होते. असे मुद्दे वर्तमानपत्रांतून येतच असतात. मी माझ्या हातांनी जे केलं ते त्यात कुठेच नव्हतं.

इथे उज्जैनच्या माधवनगरात मला 'पार्लमेंटवाले काका' म्हणतात. गणपतीत आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये मला दर वर्षी बोलायला उभं करतात. समिती म्हणजे छोटी संसद, तिथे पक्ष बाजूला ठेवून काम होतं, सामान्य माणसाचा आवाज तिथे पोचतो, असं मी सांगत आलो. लोक टाळ्या वाजवतात. मी साबुदाण्याची खिचडी खाऊन घरी येतो. सामान्य माणसाचा आवाज तिथे कसा पोचतो ते आता लिहितो.

माझे वडील महाराष्ट्रातून इथे शाळामास्तर म्हणून आले. मी इथेच वाढलो. शाळेत माझ्या बाकावर शहराच्या कडेच्या भैरवगढचा एक मुलगा बसायचा, कापडावर ठप्पे मारून छपाई करणाऱ्या छीपा घरातला. त्याचा मोठा भाऊ माझ्या वडिलांचा विद्यार्थी. त्या घरी मी इतका जायचो, की त्यांची आई मला वेगळं ताट वाढायची, अंड्याचा वाससुद्धा न लागलेलं. पुढे मी परीक्षा देऊन दिल्लीला गेलो. तो घरच्याच धंद्यात राहिला आणि बोलका असल्यामुळे हळूहळू त्यांच्या मोहल्ल्याचा पुढारी झाला. भांडण असो, लग्नाची बोलणी असोत की वीज कार्यालयात अर्ज द्यायचा असो, त्यालाच पुढे करायचे.

मी ज्या समितीचं काम पाहत होतो तिने एका वर्षी एक विषय घेतला होता, नदीकाठच्या गावांतले कापड रंगवणारे छोटे कारागीर आणि त्यांच्या रंगांनी दूषित होणारं नदीचं पाणी. खात्याचा विचार असा होता, की या लोकांना काठावरून उठवून शहराबाहेर एकत्र भूखंड द्यावेत. समितीचा अभ्यास दौरा ठरला. कुठली गावं घ्यायची याची यादी मीच केली आणि उज्जैन त्यात घातलं. सदस्यांनी ती लगेच मान्य केली. विषयासाठी नव्हे. महाकालाचं दर्शन होईल म्हणून. आणि कालभैरवाचं देऊळ भैरवगढलाच, म्हणजे तिथेही आपोआप जाणं होणार.

दौरा म्हणजे काय हे बाहेरच्यांना माहीत नसतं. ज्या खात्याला आम्ही प्रश्न विचारायचे, त्याच खात्याच्या हाताखालची एखादी कंपनी आमच्या गाड्या, खोल्या, जेवणं आणि शाली-श्रीफळं बघायची. दौऱ्यातल्या बैठकीला किमान इतके सदस्य हवेत असा नियम नाही. लघुलेखक नसतो. दिल्लीत समितीसमोर कोणी साक्ष दिली, तर त्याचा शब्द न् शब्द लिहिला जातो आणि तो त्याला तपासायला पाठवतात. दौऱ्यात जे लोक बोलतात ती साक्ष नसते. तिला आमच्या भाषेत 'अनौपचारिक चर्चा' म्हणायचे. तिची नोंद म्हणजे आमच्यापैकी कोणीतरी नंतर आठवून लिहिलेले दोन-चार परिच्छेद. कोण काय म्हणालं ते लिहायचं नाही, 'उपस्थितांनी आपले विचार मांडले' असं लिहायचं. आमच्याकडची रीतच होती ती.

मला हे सगळं तोंडपाठ होतं. आणि तरी मी माझ्या मित्राला फोन करून सांगितलं, की संसदेची समिती तुमच्या दारात येते आहे, नीट तयारी करा, ही तुमची गवाही आहे, म्हणजे साक्ष. त्याने विचारलं, "पक्की गवाही? अदालत जैसी?"

मी म्हणालो, "उससे भी बड़ी."

का म्हणालो? तेव्हा कोणी विचारलं असतं तर लोकांनी मनापासून बोलावं म्हणून, असं उत्तर दिलं असतं. खरं कारण हे, की ज्या घरात मी मास्तरांचा पोरगा म्हणून चटईवर बसायचो, तिथे मला संसद घेऊन जायचं होतं.

त्यांनी माझं बोलणं मनावर घेतलं. मोहल्ल्यात बैठका घेतल्या. काय बोलायचं, कोणी बोलायचं, सगळं ठरवलं. मोठा भाऊ तेव्हा सगळ्यांत जाणता कारागीर, पण त्याला बाहेरच्यांसमोर बोलणं नको वाटे. त्याचं म्हणणं एकच होतं. काम घराबाहेर नेलं तर घरातल्या बायकांचं काम संपेल. मेण लावणं, बांधणी, वाळवणं, घड्या घालणं हे सगळं त्याच्या बायको-मुली स्वयंपाक करता करता करायच्या. शहराबाहेरच्या भूखंडावर त्या रोज कशा जाणार? म्हणून उठवू नका, काठावरच सगळ्यांचं मिळून सांडपाणी साफ करायची सोय करून द्या, खर्चाचा वाटा आम्ही उचलतो. हे धाकट्याने बोलायचं असं ठरलं.

समिती आली ती दर्शनं आटोपून, उशिरा. कपाळावर गंध, गळ्यात हार. काही सदस्य गाडीतच बसून राहिले. अध्यक्ष सभ्य गृहस्थ होते, खाली बसले, चहा घेतला. सुरक्षेसाठी बाकी मोहल्ल्याला गल्लीतच थांबवलं होतं, मोठ्या भावालासुद्धा; घरात बोलायला एकटा माझा मित्र होता, शेरवानी घालून. आधी त्याने हात वर करून शपथ घेतली, कोणी सांगितलं नव्हतं तरी. एक सदस्य हसले. मी नाही हसलो, पण शपथेची गरज नाही असंही म्हणालो नाही. तो चांगला बोलला. स्पष्ट बोलला. उठून जाणं आम्हाला मंजूर नाही, असं म्हणाला आणि घरातल्या बायकांचं सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मान डोलावली. मग सदस्यांनी चादरी बघितल्या, त्यांना त्या भेट मिळाल्या, आणि गाड्या रामघाटाकडे निघाल्या, कारण एका सदस्याला तिथे वडिलांचं तर्पण करायचं होतं. निघताना मित्राने माझा हात दाबला. मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

अहवालाचा मसुदा समिती लिहिते असं लोकांना वाटतं. तो आम्ही लिहायचो. मी लिहिला. दौऱ्याच्या प्रकरणात मी नेहमीचं वाक्य टाकलं, 'समितीने स्थानिक कारागिरांशी विचारविनिमय केला.' ते नकार देत होते हे लिहिलं नाही, कारण अनौपचारिक चर्चेतला नकार लिहायचा नसतो. मग मसुदा तथ्य तपासायला त्याच खात्याकडे गेला. म्हणजे ज्याची तपासणी चालली आहे त्यालाच उत्तरपत्रिका दाखवायची. परत आला तेव्हा माझं वाक्य जागेवर नव्हतं. ते उचलून शिफारशीच्या परिच्छेदात आणलं होतं आणि त्याला शेपूट जोडलं होतं. 'स्थानिक कारागिरांशी विचारविनिमय केल्यानंतर समितीचे असे मत झाले आहे, की त्यांचे स्थलांतर करणे त्यांच्याच हिताचे ठरेल.'

मी ते वाचलं. मला समजलं नाही असं म्हणायला जागा नाही. मी स्वतःच्या कानांनी 'मंजूर नाही' ऐकलं होतं. अध्यक्षांच्या खोलीत जाऊन एवढंच सांगायचं होतं, की साहेब, हे उलट झालं आहे. पण समितीची मुदत संपत आली होती. तिच्या आत अहवाल मंजूर झाला नाही तर पुढच्या समितीने सगळं नव्याने करायचं, आणि मग वर्षभराच्या कामाचं काय, असा प्रश्न माझे वरिष्ठ मला विचारणार. मी त्या परिच्छेदाखाली बारीकशी बरोबरची खूण केली आणि कागद पुढे सरकवला. बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही बदल सुचवायचे आहेत का? सदस्य बिस्किटं खात होते. अहवाल एकमताने मंजूर झाला. 'एकमताने' हा शब्दसुद्धा मीच लिहिला.

पुढे जे झालं ते फार हळू झालं, त्यामुळे कोणाला कशाचा दोष द्यावा ते कळलं नाही. भूखंड निघाले, काठावरच्यांना उठायचे हुकूम आले. मोठे धंदेवाले गेले. छोट्यांनी अर्ज केले, आमचं ऐका म्हणून. प्रत्येक अर्जाला उत्तर एकच आलं, की संसदीय समितीने आपल्याशी विचारविनिमय केलेला आहे. आपल्याशी म्हणजे कोणाशी? बोलला तर एकच माणूस होता, शेरवानी घालून. मोहल्ल्यात कुजबुज सुरू झाली, की याने आत जाऊन काहीतरी वेगळं सांगितलं. आपल्या लहानपणच्या दोस्ताबरोबर. मोठ्या भावाने धंदा बंद केला. त्याच्या मुलींचं काम गेलं. त्याने धाकट्याला घरी येऊ नकोस म्हणून निरोप पाठवला. धाकट्याने भूखंड घेतला नाही हे कोणी लक्षात घेतलं नाही.

त्याने मला दिल्लीला फोन केला. एक कागद दे, म्हणाला, त्या दिवशी मी नकार दिला होता एवढंच लिहून. मी सांगितलं, समितीचं कामकाज गोपनीय असतं, मला तसं देता येत नाही.

 तो बोलला तेव्हा ते कामकाज नव्हतं, नुसत्या गप्पा होत्या, म्हणून लिहिलं नाही. आणि त्याने पुरावा मागितला तेव्हा त्याच गप्पा एकदम गोपनीय कामकाज झाल्या. अशी दुहेरी कडी कोणत्या नियमपुस्तकात आहे? कुठेच नाही. आम्ही कारकुनांनी आमच्या सोयीने ती घडवली, आणि सदस्यांनी कधी विचारलं नाही, कारण त्यांना विचारायला वेळ नव्हता. आणि आता तेवढंही उरलेलं नाही. आता विधेयक दुपारी येतं आणि चहाच्या आधी संमत होतं. तेव्हा निदान माझ्या मित्राला फसवायला कोणीतरी त्याच्या दारापर्यंत जात होतं.

त्या संयत पानांवर हे उदाहरण घालावं असं मला वाटलं. पण मित्राला विचारल्याशिवाय घालायचं नाही, एवढी अक्कल या वयात आली. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे गेलो नव्हतो. शहर एवढंसं, लग्नाकार्यात दिसायचा, मी दुसऱ्या रांगेत बसायचो. रिक्षा करून भैरवगढला गेलो. तो दारात खाटेवर बसला होता, गुडघ्यांना गरम कापड बांधून.

मला बघून म्हणाला, "आओ दिल्लीवाले. किसका फ़ातिहा पढ़ने आए हो?" फ़ातिहा मेलेल्या माणसासाठी पढतात.

मी बसलो. सगळं सांगितलं. ते वाक्य कोणी लिहिलं, कोणी उचललं, मी कुठे खूण केली. मी म्हणत होतो की आता मी हे दिल्लीला लिहिणार आहे, पद्धत बदलायला हवी, दौऱ्यातलं बोलणंसुद्धा शब्दशः लिहिलं गेलं पाहिजे.  मला वाटलं होतं तो चिडेल. त्याने एवढंच विचारलं, की तो अहवाल आता बदलता येतो का. मी म्हणालो, सभागृहात मांडलेला अहवाल बदलत नाही. छपाईची चूक असेल तर शुद्धिपत्र निघतं. ही छपाईची चूक नाही.

"तो दिल्ली को बाद में सुधारना," तो म्हणाला. "पहले मेरे भाई को बता."

मला हे नको होतं. दोन पानं लिहिणं सोपं होतं. पण तो काठी घेऊन उठलासुद्धा.

मोठ्या भावाचं घर त्याच गल्लीत, वळणावर. तो आता अंथरुणाला खिळलेला आहे. त्याची मुलगी बाहेर आली, काकाला बघून दारातच थबकली, आणि आत वळून वडिलांना काही विचारलं. आतून आवाज आला, की माटसाबांचा, म्हणजे मास्तरसाहेबांचा, मुलगा आला असेल तर त्याला येऊ दे. दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. माझा मित्र उंबऱ्याबाहेर थांबला. मी आत गेलो.

म्हाताऱ्याने मला ओळखलं. वडिलांची आठवण काढली, त्यांनी कशी छडी मारली होती ते सांगितलं. मला वाटलं असंच बोलत राहावं. मग मी सांगायला सुरुवात केली. समितीचे नियम समजावू लागलो तर त्याने हात हलवून थांबवलं.

"इसने मना किया था?"

"किया था, बड़े भाई. मैंने अपने कानों से सुना. जो आपने कहलवाया था, वही बोला."

"फिर हाँ किसने लिखा?"

"मैंने."

 मुलगी पाणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मी म्हणालो, की पुढचं वाक्य मी लिहिलं नव्हतं, खात्याने जोडलं, पण मला माहीत होतं. त्यावर तो माझ्याकडे वळला.

"क्यों किया? तुझे क्या मिला?"

मी खूप शोधलं. काहीच मिळालं नव्हतं. बढती तशीही होणारच होती. मी म्हणालो, "कुछ नहीं. वहाँ ऐसे ही लिखते हैं."

त्याने मला शिवी दिली. इथे लिहिता येणार नाही अशी. आवाज न चढवता दिली, आणि वर म्हणाला की माटसाब असते तर त्यांनी हाताचं हाड मोडलं असतं. मग मुलीला म्हणाला, की काकाला बाहेर किती वेळ उभं ठेवणार आहेस, त्याचे गुडघे दुखतात. मुलगी बाहेर धावली. मला म्हणाला, "अब तू जा. हम दोनों को बात करनी है."

मी बाहेर पडताना माझा मित्र आत येत होता. दार अरुंद आहे. आम्ही एकमेकांना जागा दिली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचं माझ्याशी काही देणंघेणं उरलेलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. आतून मोठ्या भावाचा रडवेला आवाज ऐकू आला आणि मी चालायला लागलो. त्याच्या मुली आता संसारात आहेत. त्यांचं गेलेलं काम कोणी परत आणणार नाही, आणि भावांची मधली वर्षंही.

घरी येऊन ती दोन संयत पानं फाडली. नवीन लिहिलं, त्यात मुद्दे थोडे आहेत. समिती कुठेही बसो, सभागृहात किंवा खाटेवर, माणूस बोलला तर ती साक्ष समजा आणि जशीच्या तशी लिहा. लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, अहवालाच्या आधी. तो 'नाही' म्हणाला असेल तर 'नाही' छापा, पुढे तुमचं मत काहीही असो. ज्याची तपासणी करायची त्याच्या गाडीत बसू नका. ज्याची तपासणी करायची त्याच्या हाती मसुदा देऊ नका. मुदत संपते म्हणून सही करू नका. आणि त्याखाली भैरवगढची हकीकत पूर्ण लिहिली, माझं काम काय होतं त्यासकट.

सहकाऱ्याचा फोन आला. वाचलं म्हणाला. मुद्दे चांगले आहेत म्हणाला. पण ती हकीकत परिशिष्टात टाकून 'काही प्रसंगी स्थानिकांच्या मताची पुरेशी नोंद होत नसे' एवढं मुख्य मजकुरात घेऊ का, असं त्याने विचारलं. त्याच्या आवाजात काही कपट नव्हतं. तो तेच करत होता जे आम्ही दोघांनी त्या खोलीत आयुष्यभर केलं.

मी म्हणालो, "एक शब्द बदललास तर माझं नाव काढून टाक आणि मी ते वर्तमानपत्रात देतो."

 तो म्हणाला, इतका का तापतोस, आता काय उपयोग. मी फोन ठेवला. अजून त्याने कळवलेलं नाही. तो काय करेल ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून हे इथे आधीच छापायला दिलं आहे.